दोन फूट चार इंच

"दोन फूट चार इंच," भरमाप्पा म्हणाला आणि टेपचं बटण दाबलं. पट्टी सर्रकन आत गेली.

टेम्पोवाला पिराजी बोळाच्या तोंडाशी तंबाखू मळत उभा होता. त्यानं एकदा बोळाकडं पाहिलं, एकदा भरमाप्पाच्या हातातल्या टेपकडं.

"काका, तिसऱ्यांदा मोजलासा. मोजून बोळ रुंद व्हनार हाय व्हय?"

"न्हाय व्हनार. म्हणूनच मोजालोय."

"मग आडवं करून काढू की समदं. आमच्या ज्ञानूनं ह्याच्यापेक्षा बारीक बोळातनं फ्रीज काढल्यात. कपाट आडवं, खाट आडवी, ती खुर्ची बी आडवी."

"कपाट कसं बी काढा. खुर्ची आडवी करायची न्हाय."

"का वो?"

"न्हाय करायची म्हंजे न्हाय करायची. खुर्ची पुढच्या फाटकातनं जानार. उद्या दहाला टेम्पो फाटकाला लाव."

पुढच्या अंगणात मांडववाले बांबू रोवत होते. त्यांची ठोकाठोक इथवर ऐकू येत होती. पिराजीनं तंबाखू ओठाखाली सरकवली. "उद्या तर मालकांच्यात बारसं हाय न्हवं? फाटकातच मांडव पडालाय की."

"म्हाईत हाय," भरमाप्पा म्हणाला. "म्हणून तर उद्या."

शाहूपुरीतल्या त्या घराच्या मागच्या खोलीत भरमाप्पा भाड्यानं राहायचा. तिथून बाहेर पडायला दोन वाटा होत्या. पुढं अंगणातून लोखंडी फाटक, ते मालकांचं. मागं बोळ, तो भाडेकऱ्याचा. असं कुणी लिहून दिलं नव्हतं, पण सत्तावीस वर्षं भरमाप्पा आणि त्याची बायको गंगव्वा बोळातूनच आले आणि बोळातूनच गेले. न्हाणीची भिंत जिथं पुढं येते तिथं बोळ सगळ्यात अरुंद होता. भाजीच्या दोन पिशव्या दोन हातांत असल्या की गंगव्वाला तिथून तिरकं व्हावं लागायचं.

भरमाप्पा तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. गडहिंग्लजकडून पोटासाठी आला आणि शाहूपुरीतल्या एका मोटार वायंडिंगच्या दुकानात एकतीस वर्षं तांब्याची तार गुंडाळत बसला. जळकी मोटार समोर आली की आधी वास घ्यायचा, मग उघडायची, एवढंच त्याचं जगाशी भांडण. त्याला चिडलेला कुणी पाहिला नव्हता. गंगव्वा म्हणायची, "ह्यास्नी राग येतो, पर गिऱ्हाइकासारखा भाईर हुबा ऱ्हातोय. दुकान बंद झालं की आपला परत जातोय."

सव्वा वर्षापूर्वी एक राग आला तो मात्र परत गेला नाही.

त्या फेब्रुवारीत गंगव्वाच्या छातीत कळ आली. रिक्षात बसताना तिनं मागं वळून सांगितलं होतं, "दूध तापवून ठेवा, न्हायतर नासंल. मी येतोच दोन दिसांत." दोन दिवसांनी सकाळी सहाला दवाखान्यात ती गेली. भरमाप्पाच्या समाजात माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. विमान म्हणतात त्या लाकडी पालखीत बसवतात, मांडी घालून, फुलं बांधून. माणूस बसलेलाच घरातून निघतो आणि बसलेलाच मातीत जातो. मठातली माणसं विमान घेऊन आली तेव्हा त्यातल्या एकानं वितीनं बोळ मोजला आणि मान हलवली. विमान तीन फुटांचं होतं. पुढच्या फाटकातूनच आणावं लागणार होतं.

आणि फाटकात मांडव होता. अकरा वाजता घरमालक विजयसिंहांच्या मुलीचा, क्रांतीचा, साखरपुडा होता.

विजयसिंह नवा फेटा बांधलेले बाहेर आले. त्यांनी भरमाप्पाच्या खांद्यावर हात ठेवला. "भरमा, आत माझी पोरगी नटून बसल्या. धाला पावणं यालेत. येळ कशी हाय बघ. वैनीस्नी दवाखान्यातनं थेट तिकडंच न्या. तू समजून घेशील."

भरमाप्पा म्हणाला, "बरं मालक."

हे एवढंच घडलं होतं. गंगव्वा दवाखान्यातून थेट समाजाच्या दफनभूमीत, रुद्रभूमीत गेली. जे घर तिनं इतकी वर्षं सारवलं, पुसलं, ज्याच्या उंबऱ्यावर रांगोळी काढली, त्या घरातून ती निघाली नाहीच. ती रिक्षातून गेली होती, दोन दिवसांत येते असं सांगून. दारातल्या तिच्या चपला तशाच होत्या.

विजयसिंह वाईट होते असंही नाही, हीच तर पंचाईत होती. साखरपुडा आटोपून दुपारी ते हार घेऊन रुद्रभूमीत आले, कपाळावर कुंकू तसंच होतं, आणि खरोखर रडले. तीन दिवस त्यांच्या घरून जेवणाचे डबे आले. नंतर सगळं मिटलं असं त्यांना वाटलं. भरमाप्पाही काही बोलला नाही. तो डबे धुऊन परत देत राहिला आणि रात्रंदिवस स्वतःच्या तोंडून निघालेला तो एक शब्द ऐकत राहिला. मालकांनी विचारलं होतं, हुकूम केला नव्हता. न्हाय म्हणता आलं असतं. बायकोला घरी आणायचं होतं आणि त्यानं बरं म्हटलं. मालकांवरचा राग मोठा होता, पण त्याच्या पोटात हा दुसरा राग होता, आणि तोच जास्त जळत होता.

मुलगी सौंदर्या उचगावात राहायची. तिनं आपल्या घराला लागून एक खोली बांधून घेतली होती ती दिवाळीतच तयार झाली. "आप्पा, आता या की," ती दर रविवारी म्हणायची. हा म्हणायचा, "येतो गं, जरा थांब." कशासाठी थांबायचं ते त्यानं तिला सांगितलं नाही. त्याला त्या फाटकात पुन्हा मांडव पडायला हवा होता. क्रांती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. बाळ झाल्याचे पेढे हातात पडले त्या दिवशी बारा दिवस मोजले आणि पिराजीला फोन केला.

तयारी मात्र त्यानं मोटार उघडावी तशी केली, शांतपणे आणि क्रमानं. भांडी पोत्यात, कपडे गोधडीत बांधून, देव एका डब्यात. भिंतीतले खिळे एक एक करून काढले. न्हाणीतला नळ त्याचा होता, तो काढला. दिव्यांची बटणं त्याची होती, तीही काढली. गंगव्वाच्या चपला एका पिशवीत घातल्या आणि पिशवीचं तोंड दोरीनं बांधलं. मग राहिली खुर्ची.

शेवटची चार वर्षं गंगव्वाचे गुडघे गेले होते. भरमाप्पानं दुकानातल्या जुन्या सागवानी खुर्चीचे पाय दोन इंच कापले आणि त्यांच्याखाली मोटारीखाली घालतात ती रबरं ठोकली, घसरू नये म्हणून. त्या खुर्चीत बसून ती भाकरी थापायची, लसूण सोलायची, आणि आल्यागेल्याला तिथूनच "या बसा" म्हणायची. हाताच्या दांड्या रुंद होत्या. दांडीपासून दांडीपर्यंत खुर्ची दोन फूट सहा इंच भरली, म्हणजे तोंड पुढं ठेवून सरळ ती बोळातून जाणार नव्हती. हा आकडा पहिल्यांदा टेपवर दिसला तेव्हा भरमाप्पा कितीतरी वेळ त्याच्याकडं पाहत बसला होता.

आणि एक गोष्ट होती, बोअरच्या मोटारीची. दोन हजार एकोणीसच्या पुरात मालकांच्या मोटारीचं पॅनल, म्हणजे चालू-बंद करायची पेटी, बुडालं. शाहूपुरीत तेव्हा कुणाला कुणाची मोटार बघायला सवड नव्हती. भरमाप्पानं स्वतःच्या सामानातून नवं पॅनल जोडून दिलं. हाताशी एकच काळ्या तारेचं बंडल होतं, म्हणून तिन्ही तारा काळ्याच घातल्या. मध्ये एकदा तो गावी गेलेला असताना दुसरा मिस्त्री दोन दिवस त्या तारांपुढं बसून उठून गेला होता. कुठली तार कुठली, ते फक्त भरमाप्पाला ठाऊक होतं. पॅनल त्याचं होतं, त्यामुळं तेही उद्या जाणार होतं. दोनशे माणसांचा स्वयंपाक आणि नळाला थेंब नाही, हे चित्र मनात आलं की त्याला बरं वाटायचं. चांगलंच बरं वाटायचं, कशाला लपवायचं?

संध्याकाळी विजयसिंह बोळातून आले. त्यांना तिथून येताना तिरकं व्हावं लागलं. हातात पत्रिका होती.

"भरमा, उद्याचा टेम्पो परवावर ढकल की लेका. उद्या जेवायला ये. घरचा मानूस तू."

"टेम्पो ठरलाय मालक."

"मग दुपारनं ने. पंगती उठू देत."

"दहाचं ठरलंय."

विजयसिंहांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. सत्तावीस वर्षांत ह्या माणसानं लागोपाठ दोन वेळा नकार दिला नव्हता. "बरं, बोळातनं ने मग. पुढं पावण्यांची गर्दी असंल," ते म्हणाले आणि पत्रिका खुर्चीवर ठेवून गेले. भरमाप्पानं ती उचलून पोत्यावर ठेवली. खुर्चीवर काही ठेवायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

ते जातात न जातात तोच क्रांती आली. बाळंतीण, कानाला स्कार्फ बांधलेला, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. लहानपणी ती दिवसातले चार तास ह्याच खोलीत असायची आणि गंगव्वाच्या हातची भाकरी-दूध खायची.

"आई रागावंल मला, पर यायचंच होतं," ती म्हणाली. "काका, बाळाला तेल लावाय रोज बाई येती. तिचा हात लई कडक हाय. मावशी असती तर मी दुसऱ्या कुनाला हात लावू दिला नसता." तिचं लक्ष खुर्चीकडं गेलं. "मला शेवटचं बघाय बी मिळालं न्हाय तिला. तुम्ही गावाकडं न्यायला नको होतं तिला."

"गावाकडं?"

"साखरपुडा झाल्यावर दोन दिसांनी बाबा म्हटले की, वैनी गेल्या, गावाकडं नेलं म्हणून."

भरमाप्पाचे हात दोरीवर थांबले. एवढं त्याला माहीत नव्हतं. मालकांनी खोटं सांगून तिच्यापुरतंही गंगव्वाचं जाणं दुसरीकडं ढकललं होतं. खरं काय ते त्याच्या ओठावर आलं होतं, पण त्यानं गिळलं. खोलीत सांगायचं ते नव्हतं. ते फाटकात सांगायचं होतं.

"जा बाई, वारा सुटलाय," तो म्हणाला.

सकाळी सातला त्यानं तांब्याची घागर बोअरच्या नळावर भरली. नव्या घरात पहिलं पाऊल भरल्या घागरीसह टाकायचं, हे सौंदर्यानं चार वेळा बजावलं होतं. घागर त्यानं केळीचं पान लावून दारात ठेवली. मग बोर्डाचा खटका पाडला, पॅनलचे चार स्क्रू काढले आणि पॅनल गोणपाटात गुंडाळलं. भिंतीतून तीन काळ्या तारा तेवढ्या बाहेर राहिल्या. वरच्या टाकीतलं पाणी दहापर्यंत पुरणार, हा हिशेब त्यानं आधीच केला होता.

दहाला पिराजीनं टेम्पो फाटकाला लावला. कपाट, खाट, पोती ज्ञानूनं बोळातून काढली आणि वळसा घालून आणली. चाळिशीतला, मिशा राखलेला, धिप्पाड गडी तो. एक शब्द न बोलता काम करायचा.

फाटकाला झेंडूची कमान होती आणि कमानीच्या दोन्ही बाजूंना बांबू उभे केले होते. मधून एका वेळी एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट ठेवली होती. आत पाळणा सजवला होता. खुर्च्यांवर बायका बसल्या होत्या, स्पीकरवर सनई चालू होती. भरमाप्पा स्वतः धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला विभूती लावून घरातून बाहेर आला. त्याच्यामागं पिराजी आणि ज्ञानू खुर्ची घेऊन. ज्ञानू सवयीप्रमाणं ती उलटी करून डोक्यावर घ्यायला गेला.

"उलटी नको," भरमाप्पा म्हणाला. "सरळ धरा. दोघं दोन्हीकडनं. बसलेलं मानूस हाय असं धरा."

ज्ञानूनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि तसंच धरलं.

अंगणातून ती खुर्ची कमरेच्या उंचीवर सावकाश येऊ लागली तसे विजयसिंह पुढं धावले. "आरं भरमा, ही काय येळ हाय? मागनं ने म्हटल्यालो न्हवं?"

"बसत न्हाय मालक. बोळ दोन फूट चार इंच हाय."

"मग आडवी कर की."

"त्या दिवशी बी बसत न्हवतं," भरमाप्पा म्हणाला. त्याचा आवाज वर चढला नव्हता, पण सनई असूनही सगळ्यांना ऐकू गेला. "आमच्यात बसलेल्या मानसाला आडवं करत न्हाईत. तवा बी फाटकच लागनार हुतं. मांडव तवा बी हुता."

विजयसिंहांचा चेहरा उतरला. त्यांना आता सगळं समजलं, तारीख, वेळ, टेम्पो. मागून क्रांती बाळाला घेऊन आली होती. "कुठल्या दिवशी?" तिनं विचारलं. "काका, कुठल्या दिवशी?"

"सांगा की मालक," भरमाप्पा म्हणाला. "का मी सांगू?"

कुणीतरी सनई बंद केली.  "तुज्या साखरपुड्यादिवशी," विजयसिंह म्हणाले. "वैनी सकाळी गेल्या. मी... मी म्हटलं, आज घरी आनू नका. तुला सांगिटलं न्हाय."

"मी आत नटून बसलेली," क्रांती हळूच म्हणाली, "आणि मावशी भाईर हुती?"

"भाईर बी न्हवती," भरमाप्पा म्हणाला. "फाटकापतोर बी आली न्हाय. मीच बरं म्हटलं."

हाच तो क्षण होता, ज्यासाठी त्यानं सव्वा वर्ष काढलं होतं. मालक सगळ्या पावण्यांसमोर मान खाली घालून उभा होता आणि त्याची मुलगी त्याच्याकडं अशी पाहत होती की तिनं पूर्वी कधी पाहिलं नसेल. भरमाप्पाला आतून गार वाटलं. मग त्याची नजर क्रांतीच्या तोंडावर गेली आणि त्यातलं थोडं गार वाटणं कमी झालं. थोडंच. तो मागं हटला नाही.

"कमानीतनं बी बसत न्हाय ही," तो म्हणाला. "बांबू सोडा."

मांडववाले न्याहारीला गेले होते. विजयसिंहांनी इकडंतिकडं पाहिलं आणि स्वतःच पुढं झाले. नव्या सिल्कच्या शर्टाच्या बाह्या मागं सारून त्यांनी काथ्याची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट होती. नखानं सुटेना तेव्हा दातानं ओढली. झेंडूची कमान एका बाजूला कलली, बांबू बाजूला झाला. पहिल्या रांगेतली एक म्हातारी पावणी उठून उभी राहिली आणि तिनं पायातल्या चपला काढल्या. ती कोण होती भरमाप्पाला ठाऊक नव्हतं, पण तिला समजलं होतं. तिच्यामागं बाकीच्या बायका उठल्या.

खुर्ची फाटकातून बाहेर आली. सरळ, बसल्यासारखी. भरमाप्पा दांडीला हात लावून तिच्याबरोबर चालला. फाटकाबाहेर तो थांबला.

"आमच्या गावाकडं," तो विजयसिंहांना म्हणाला, "मानूस घरातनं निघालं की घरच्यांनी मागं पानी वतायचं असतं. तेवढं वता."

संयोगिता, विजयसिंहांच्या पत्नी, तांब्या घेऊन नळाकडं धावल्या. नळ फुरफुरला आणि बंद पडला. मागच्या चुलाणाजवळून आचाऱ्याचा आवाज आला, "वहिनी, टाकी संपली. मोटर लावा की." कुणीतरी मोटारीचं बटण दाबायला गेलं आणि परत येऊन म्हणालं की तिथं बटणच नाही, पॅनलच नाही. विजयसिंहांनी टेम्पोतल्या गोणपाटाच्या गाठोड्याकडं पाहिलं, मग भरमाप्पाकडं. 

भरमाप्पा टेम्पोच्या पुढच्या सीटकडं गेला. घागर सामानाबरोबर तिथं आली होती. त्यानं पान काढून टाकलं आणि जड घागर दोन्ही हातांनी विजयसिंहांपुढं धरली.

"वता."

"बरं," विजयसिंह म्हणाले.

बारशाच्या दिवशी, पाळण्याकडं पाठ करून, त्यांनी आपल्या फाटकात घागर रिकामी केली. पाणी झेंडूच्या पाकळ्या घेऊन रस्त्यापर्यंत गेलं. क्रांतीनं बाळाचं डोकं एका हातानं झाकलं आणि दुसरा हात कपाळाला लावला. मग ती आत गेली. विजयसिंह तिच्यामागं दोन पावलं गेले आणि थांबले.

टेम्पोत भरमाप्पा पुढं बसला नाही. मागं सामानात खुर्चीची दांडी धरून उभा राहिला. पिराजीनं गाडी एरवीपेक्षा सावकाश चालवली, आणि खड्डा आला की मागं ओरडून सांगत होता. उचगावच्या फाट्याजवळ फोन वाजला. मालकांचा नंबर होता, त्यानं वाजू दिला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. ह्या वेळी क्रांती होती.

भरमाप्पाला वाटलं, ही आता मोटारीचं विचारणार. त्यानं उत्तरही तयार ठेवलं होतं, शाहूपुरीत मिस्त्र्यांना काय तोटा आहे म्हणून.

"काका," ती म्हणाली, "मावशी पोचली का?"

 टेम्पो एका गतिरोधकावरून गेला आणि भरमाप्पानं खुर्ची घट्ट धरली.

"पोचंल आता," तो म्हणाला. मग म्हणाला, "क्रांती, लिहून घे. भिंतीत तीन काळ्या तारा हाईत. वरची रनिंगची. मदली कॉमन. खालची स्टार्टिंगची. कुठल्या बी दुकानातनं पॅनल आना, मिस्त्रीला एवढं सांगा. तासात पानी चालू व्हईल."

"व्हय," ती म्हणाली. तिनं लिहून घेतलं की नाही ते कळलं नाही. फोन बराच वेळ चालू होता आणि पलीकडं बाळ रडत होतं.

पॅनल त्यानं परत दिलं नाही. उचगावात त्याचा काही उपयोग नव्हता, तिथं बोअरच नव्हती. ते त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात गोणपाटात तसंच पडून राहणार होतं, आणि त्याबद्दल त्याला वाईट वाटत नव्हतं.

सौंदर्या दारात ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. बापाच्या हातातली घागर तिनं घेतली आणि तिचा हात एकदम वर गेला, कारण घागर हलकी होती. तिनं आत वाकून पाहिलं.

"आप्पा, भरून आना म्हटलं होतं की. वाटंत सांडली व्हय?"

"न्हाय," भरमाप्पा म्हणाला. "तुज्या अव्वाच्या मागं वतली."

सौंदर्यानं टेम्पोतल्या आपल्या आईच्या खुर्चीकडं पाहिलं. पिराजी आणि ज्ञानू न सांगता खुर्ची सरळ धरून उतरवत होते. तिनं ताट जवळच्या कट्ट्यावर ठेवलं आणि दाराचं दुसरं कवाडही उघडलं. नवीन खोलीचं दार साडेतीन फुटांचं होतं. खुर्ची दोन्ही बाजूंना न लागता आत गेली.